सही करायची, पण कशावर?

पत्र

मॅडम, नमस्कार. एका सार्वजनिक विद्यापीठात सामाजिक शास्त्राच्या विभागात मी पीएचडी करते. नोंदणी २०२३ ची, चौथं वर्ष चालू आहे. विभागात आम्ही नऊ जण आहोत. आमचं कोर्सवर्क नोंदणीनंतर वर्षभराने सुरू झालं. दर सहा महिन्यांनी व्हायची आरएसीची (संशोधन सल्लागार समितीची) बैठक होतच नाही. नॅकची (विद्यापीठाच्या मूल्यांकनाची) फाइल करायची वेळ आली की ऑफिसमधून मागच्या तारखांची इतिवृत्तं येतात आणि आम्ही सह्या करतो. मीही दोनदा केल्या. जेआरएफची (कनिष्ठ संशोधन फेलोशिपची) दोन वर्षं कधीच संपली, पण एसआरएफसाठी (त्यानंतरच्या वरिष्ठ फेलोशिपसाठी) समिती बसत नाही म्हणून फेलोशिप जुन्याच दराने येते, तीही कधी दोन-दोन महिने येत नाही. बाकी वेळ परीक्षेचं सुपरव्हिजन, परिषदांची तयारी, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं यात जातो. एका सीनियरचा प्रबंध जमा होऊन चौदा महिने झाले, अजून व्हायवा (तोंडी परीक्षा) नाही. आता सगळ्यांनी मिळून कुलगुरूंना निवेदन द्यायचं ठरतंय. चार पानांचं आहे, एचओडी (विभागप्रमुख) सरांच्या वागण्याबद्दल त्यात बरंच काही आहे. पहिली सही मी करावी असं सगळे म्हणतात. माझ्या गाइड मॅडम चांगल्या आहेत, पण त्या म्हणाल्या, "यात पडू नकोस." आई म्हणते, डिग्री घे आणि बाहेर पड. आमच्यातले दोघे याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवतात, ते सही करायला कचरतायत, त्यावरूनही आता कुरबुर चालू आहे. मी काय करू?

– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर

सही जरूर कर. पण त्या चार पानांवर करू नकोस.

तुमची तक्रार खोटी आहे किंवा फार आहे असं मला अजिबात वाटत नाही. तू लिहिलेली प्रत्येक गोष्ट गंभीर आहे. तुमच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं या विभागाच्या हवाली केलेली आहेत, ती नीट वापरली जावीत असं म्हणण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. माझी काळजी वेगळीच आहे. कुलगुरूंच्या नावाने दिलेल्या निवेदनाचा प्रवास कसा होतो ते आधी समजून घे. ते कुलगुरू कार्यालयातून कुलसचिवांकडे जातं, तिथून अधिष्ठात्यांकडे, आणि अधिष्ठाता त्यावर "अभिप्रायासाठी" असा शेरा मारून ते तुमच्याच विभागप्रमुखांकडे पाठवतात. म्हणजे तुमची चार पानं, नऊ सह्यांसकट, शेवटी सरांच्याच टेबलावर येतात. त्यात त्यांच्या वागण्याबद्दल लिहिलेलं असेल तर ते आपल्या वागण्याबद्दल खुलासा लिहितील, तुमच्या हजेरीबद्दल दोन वाक्यं घालतील, आणि फाइल बंद होईल. मधल्या काळात एसआरएफची समिती काही बसणार नाही.

याउलट अर्जात एवढंच विचारलेलं असेल की "एसआरएफ मूल्यमापन समितीची बैठक कोणत्या तारखेला घेणार?" तर त्याचं सरळ उत्तर एकच असू शकतं, आणि ते म्हणजे तारीख. तारीख दिली तर तुमचं काम झालं. नाही दिली तर ती दिली नाही हे कागदावर आलं, आणि वरच्या पायरीवर तोच कागद लागतो. म्हणून चार पानं बाजूला ठेवा आणि ज्यांचं उत्तर तारखेत, यादीत किंवा रकमेत द्यावं लागेल असेच प्रश्न एका पानावर लिहा. मनातला राग खरा आहे, पण त्याच्यावर कार्यवाही करता येईल असा रकाना कुठल्याही ऑफिसात नसतो.

सगळ्यात आधी आरएसीबद्दल बोलते, कारण मला सर्वांत जास्त चिंता त्याचीच वाटली. तुझी नोंदणी २०२३ ची म्हणजे तुला यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे पीएचडी नियम लागू आहेत. संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्रात हजर राहून कामाची प्रगती मांडायची, समितीने सूचना द्यायच्या आणि प्रगती समाधानकारक नसेल तर कारणं नोंदवायची, असं त्यात स्पष्ट आहे. हा उपचार विद्यार्थ्याला धाकात ठेवण्यासाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तो तुमच्या संरक्षणासाठी आहे. गाइडखेरीज आणखी जाणत्या माणसांनी वर्षातून दोनदा तुमचं काम वाचावं, विषय भरकटत असेल तर वेळेत सांगावं, आणि गाइडचं व तुमचं जमत नसेल तर तिसऱ्या कुणाला तरी ते दिसावं, यासाठी ही बैठक असते.

ती न होता नुसती इतिवृत्तं तयार होतात तेव्हा नुकसान कुणाचं होतं बघ. कागदावर दर सहा महिन्यांनी तुझी प्रगती "समाधानकारक" आहे. कोर्सवर्क वर्षभर उशिरा झाल्याची त्यात नोंद नाही. विभागाच्या कामात तुझे किती दिवस गेले त्याचीही नाही. पीएचडीची मुदत सहा वर्षं, त्यात कोर्सवर्कही धरलेलं. पुढे मुदतवाढ मागायची वेळ आली आणि "उशीर माझ्यामुळे झाला नाही" असं तू म्हणालीस, तर विद्यापीठ तुझीच सही असलेली इतिवृत्तं पुढे करेल. (पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढवून मिळतात, आणि महिलांना त्यावर आणखी दोन. हे माहीत असू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.)

तेव्हा मागच्या तारखेच्या कागदावर यापुढे सही करू नकोस. नकार देताना आवाज चढवायची गरज नाही. "सर, त्या तारखेला बैठक झाली नव्हती. पुढच्या आठवड्यात घेता येईल का? माझं सादरीकरण तयार आहे," एवढं म्हण, आणि सादरीकरण खरोखर तयार ठेव. नकाराबरोबर पर्याय दिला की समोरच्याला चिडायला जागा कमी उरते. नऊच्या नऊ जणांनी हेच वाक्य म्हटलं तर बैठक होईल, कारण नॅकसाठी ते कागद विभागाला हवेच आहेत. इथे तुमचं पारडं जड आहे, हे लक्षात घ्या.

आधी केलेल्या दोन सह्यांचं काय? त्यावरून स्वतःला खात बसू नकोस. विभागातली प्रथाच तशी होती आणि तुला कोणी पर्याय दिला नव्हता. पण कुणी विचारलंच तर खरं काय ते सांग. आणि आजच बसून त्या दोन्ही सहामाहींत तू प्रत्यक्षात काय काम केलंस, काय अडलं, याचं पानभर टिपण गाइड मॅडमना ईमेलने पाठव. पुढेही दर भेटीनंतर "आजच्या चर्चेप्रमाणे मी पुढील गोष्टी करणार आहे" अशी चार ओळींची ईमेल टाकत जा. मॅडमना त्यात वावगं वाटणार नाही, आणि दोन वर्षांनी तुझ्याकडे तारीखवार नोंद असेल.

आता पैशांचं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे. म्हणजे समिती बसत नाही म्हणून तुझं महिन्याला ५,००० रुपयांचं नुकसान चाललंय, घरभाड्यातला फरक वेगळाच. ही समिती म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. तुझ्या गाइड, विभागप्रमुख आणि बाहेरचा एक विषयतज्ज्ञ अशा तिघांनी एक दुपार द्यायची असते. अडतं ते बहुधा बाहेरच्या तज्ज्ञाला पत्र कुणी पाठवायचं यावर. इथे गाइड मॅडमची मदत माग. निवेदनावर सही करणं त्यांना अवघड आहे, पण "माझ्या विद्यार्थिनीचं मूल्यमापन बाकी आहे, तज्ज्ञ म्हणून या तिघांची नावं सुचवते" अशी टिप्पणी विभागप्रमुखांना देणं हे त्यांचं कामच आहे. अर्ज करताना दोन वर्षं ज्या तारखेला पूर्ण झाली तेव्हापासूनचा फरक मिळावा, हे वाक्य विसरू नकोस.

फेलोशिप मधूनमधून अडकण्याचं कारण वेगळं असतं, आणि त्यात एचओडींचा हात असतोच असं नाही. यूजीसीच्या फेलोशिपला विद्यापीठाने दर महिन्याला पोर्टलवर तुमची नोंद कायम करावी लागते. एक जण भरतो, दुसरा तपासतो, ज्यांना ऑफिसात 'मेकर' आणि 'चेकर' म्हणतात. यातला एक रजेवर गेला, बदलून गेला किंवा विसरला की त्या महिन्याचे पैसे राहिले. तुमच्या विद्यापीठात हे दोघं कोण आहेत ते आधी शोधा, आणि दर महिन्याला एकाच ठरलेल्या दिवशी तुमच्यातल्या एकाने सगळ्या जेआरएफवाल्यांच्या वतीने त्यांच्याकडे जाऊन यावं. यासाठी निवेदनाची गरज नाही, चिकाटीची आहे. तुमच्यापैकी कुणी बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर असेल तर त्यांचं गाडं प्रगती अहवालावरच्या सह्यांशी अडतं. त्यांच्यासाठी अर्जात एक ओळ घाला: सहामाही अहवाल सादर झाल्यापासून किती दिवसांत विभागप्रमुखांची सही मिळेल ते लेखी कळवावं.

विभागाच्या कामांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, ते मोकळेपणाने सांगते. २०२२ च्या नियमांत संशोधक विद्यार्थ्यांना आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा संशोधन साहाय्याचं काम देता येतं. ट्युटोरियल, प्रयोगशाळेतलं काम, मूल्यमापन असं त्याचं स्वरूप आहे. तेव्हा "आम्ही कामच करणार नाही" ही भूमिका टिकणार नाही आणि घेऊही नये. वर्गात उभं राहायला मिळणं ही तुमच्या दृष्टीने कमाईच आहे, आणि एखादी परिषद स्वतः उभी केली की आपल्या विषयातली माणसं ओळखीची होतात. पण स्टेशनवरून पाहुणे आणणं, नॅकच्या फायली लावणं, कुणाच्या घरचं पार्सल पोचवणं यातलं काहीही त्या चार-सहा तासांत बसत नाही. पुढचा महिनाभर नऊ जणांनी रोज काय काम केलं आणि किती तास, हे एका वहीत लिहा. मग त्या वहीच्या आधारे कामाचं लेखी वेळापत्रक मागा, ज्यात प्रत्येकाचे तास आणि कामाचं स्वरूप असेल. मुलींनी रात्री-अपरात्री पाहुण्यांना आणायला जायचं नाही, हे मात्र वेळापत्रकाची वाट न पाहता आजपासून. आणि यातल्या कुठल्या कामात कुणाला नकोसा अनुभव आला असेल तर तो या सामूहिक अर्जात घालू नका. त्यासाठी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे. तिथे जायचं की नाही हे त्या व्यक्तीने ठरवायचं, तुम्ही सोबत राहायचं.

सरांच्या बाजूनेही एकदा पाहून घे. मी अनेक वर्षं विद्यापीठात काढली आहेत, म्हणून सांगते. राज्यातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत. अनेक विभागांत दोन-तीन कायम शिक्षक, बाकी तासिका तत्त्वावरचे आणि एखादाच क्लार्क, असं चित्र आहे. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. एवढ्यांची आरएसी दर सत्रात घ्यायची म्हणजे कागद, पत्रं, बाहेरच्यांच्या वेळा, सगळं त्या एका क्लार्कवर. हे सांगून मी कुणाला माफी देत नाही. जी बैठक झाली नाही तिचं इतिवृत्त करणं चूक ते चूकच. पण कुठली गोष्ट कुणाच्या हातात आहे हे कळलं की अर्ज योग्य दारात जातो. जागा भरणं शासनाच्या हातात आहे, ती मागणी तुमच्या अर्जात नको. आरएसीच्या तारखा, एसआरएफची समिती, कामाचं वेळापत्रक आणि नव्या तुकडीचं कोर्सवर्क वेळेवर सुरू होणं या चार गोष्टी विभागाच्या हातात आहेत. तेवढ्याच लिहा, आणि लागू असेल तर अहवालावरच्या सहीची ती एक ओळ. कोर्सवर्कचा तुम्हाला आता उपयोग नाही, तरी तो मुद्दा ठेवा. तुमच्यामागून येणाऱ्यांसाठी बोलणारं विभागात दुसरं कोणी नाही.

हा अर्ज आधी विभागप्रमुखांनाच द्या, कुलगुरूंना नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तराची विनंती करा, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, आणि त्याच दिवशी अर्जाची प्रत ईमेलनेही पाठवा. उत्तर आलं नाही तर पुढची पायरी विद्यार्थी तक्रार निवारण समितीची. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक विद्यापीठात असायलाच हवी. शिष्यवृत्ती उशिरा मिळणं, परीक्षा किंवा निकाल ठरल्या मुदतीत न होणं, या गोष्टी त्या नियमांत तक्रार म्हणून नमूद आहेत. समितीने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं आणि त्यांनी तीस दिवसांत निकाल द्यावा अशी तरतूद आहे. हे लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात. तुमच्या विभागाशी त्यांचं देणंघेणं नसतं, ही मोठी गोष्ट आहे.

पहिल्या सहीचं आता. कुणाचीच सही पहिली नसावी. आडनावाच्या अकारविल्हे नावं टाइप करा आणि प्रत्येकाने आपापल्या नावासमोर सही करा. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या त्या दोघांना सहीचा आग्रह अजिबात धरू नका, आणि त्यांच्या मागे कुरबुर करणं आजच थांबवा. पुढच्या सत्रात त्यांना तास द्यायचे की नाही हे ज्यांच्या शब्दावर ठरतं, त्यांच्याच विरुद्ध त्यांनी सही करावी असं तुम्ही म्हणताय. त्यांची चूल त्या तासांवर पेटते. फेलोशिप असलेल्यांनी सही करावी, आणि त्या दोघांनी वहीत तास लिहून द्यावेत, जुनी पत्रं शोधून द्यावीत. सात सह्यांचा अर्ज नऊ सह्यांच्या अर्जापेक्षा दुबळा ठरत नाही. सही करून घाबरून मागे घेतलेली एक सही मात्र सगळ्या अर्जाला भोवते.

गाइड मॅडम "यात पडू नकोस" म्हणाल्या त्यात तुझ्याबद्दलची काळजी आहे आणि स्वतःबद्दलचीही. त्यांच्या पदोन्नतीची फाइलही त्याच विभागप्रमुखांच्या सहीने पुढे जाते. त्यांना कोंडीत पकडू नकोस, पण अंधारातही ठेवू नकोस. अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी एक प्रत त्यांच्या हातात दे. "मॅडम, उद्या हा देतोय. तुमचं नाव यात कुठे नाही. काही चुकीचं वाटलं तर सांगा," एवढंच. परवानगी मागू नकोस, कारण नाही म्हणायची जबाबदारी तू त्यांच्यावर टाकशील आणि मग त्यांच्या शब्दाबाहेर जाणं तुला जड जाईल. एक पानाचा, कुणाचा अपमान न करणारा अर्ज पाहिला की त्यांची भीती बरीच कमी होईल असा माझा अंदाज आहे.

आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डिग्री आधीच. या सगळ्याला आठवड्यातली एक संध्याकाळ दे, त्याहून जास्त नको. पत्रव्यवहाराची फाइल महिन्या-महिन्याने एकेकाकडे फिरू दे. तक्रारीच्या कामात गुंतून प्रबंध मागे पडलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि ते नुकसान कुठलाही लोकपाल भरून देत नाही. पण "गप्प राहा" हा आईचा दुसरा अर्धा सल्ला मानू नकोस. फेलोशिपचा फरक आणि मुदतीतली वर्षं तुझी आहेत, ती मागितल्याशिवाय कुणी आणून देणार नाही.

राहिला तुमच्या सीनियरचा प्रबंध. तो या अर्जात घालू नका, कारण ते काम विभागाकडे नसून परीक्षा विभागाकडे असतं. प्रबंध जमा झाल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया पूर्ण व्हावी असं २०२२ च्या नियमांत आहे. चौदा महिने झाले म्हणजे कागद कुठेतरी पडून आहे. परीक्षकांची यादी मंजूर व्हायची राहिली असेल, परीक्षकाने नकार दिला असेल, किंवा दोनपैकी एका बाहेरच्या परीक्षकाचा अहवालच आला नसेल. यातलं नेमकं काय झालंय हे त्याला माहितीच्या अधिकारात कळू शकतं. प्रबंध त्याचा आहे, तेव्हा अर्ज त्यानेच करावा. जोडपत्र 'अ'चा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पत्ता विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांचा. "उशीर का झाला?" असं विचारलं तर उत्तर टाळता येतं, कारण कारणमीमांसा देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. म्हणून उपलब्ध नोंदींच्या प्रती मागायच्या: परीक्षक मंडळ मंजूर झाल्याची तारीख दाखवणारं टिपण, प्रबंध परीक्षकांना पाठवल्याची जावक नोंद, अहवाल मिळाल्याची आवक नोंद. परीक्षकांची नावं मागू नयेत, ती गोपनीय असतात आणि त्या एका कारणावरून अख्खा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करावं. पुष्कळदा अपिलापर्यंत जावं लागत नाही. नोंदीची प्रत काढायला कोणीतरी कपाट उघडतं, तिथे अडकलेली फाइल हाती लागते, आणि ती पुढे सरकते.